माळावर मारवेल लावताना

मारवेल हे चाऱ्याचं गवत लावायचं म्हणून मी त्याची मुळांसकट ठोंबं शोधत हिंडत होतो, तेव्हा वाडीत सगळ्यांची फुकटात करमणूक झाली. चुलते म्हणाले, "आरं लेका, गवात काय लावायचं असतंय व्हय? त्ये आपसूक येतंय की."

येतं, पण काय येतं? आमच्या माण तालुक्यातल्या मुरमाड माळावर येते ती कुसळी. कोवळी असते तोवर जनावर खातं. एकदा कुसळं धरली की ती मेंढराच्या तोंडात आणि लोकरीत रुततात, मग कुणी तिच्याकडं फिरकत नाही. खरं तर दख्खनच्या पठारावरची मूळची कुरणं शेडा आणि मारवेलची. १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी छापून आली, तिच्यातही आपला पट्टा याच दोन गवतांच्या नावांवरून ओळखला आहे. पण चराई अति झाली की चवीचं आधी संपतं आणि नको असलेलं पसरतं.

संकरित नेपियर लावावा, असंही काहींनी सांगितलं. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं त्यानं तो जरूर लावावा. आमच्याकडं २०१९च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती आणि उसाच्या वाढ्यावर जगत होती. पाणी मागणारा चारा मला नकोच होता.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले मारवेल-०६-४०' हे वाण आहे. त्याची थोडी ठोंबं मिळाली. बाकीची मी ओढ्याकाठच्या जुन्या बांधावरून काढली. मारवेल ओळखायला सोपं आहे: कांडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि तुरा बोटांसारखा फाकलेला, जांभळट असतो.

बी धरायचं तर धीर हवा. ताजं बी नीट उगवत नाही. ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडं ठेवावं लागतं. शिवाय इतकं हलकं की फेकलं की वाऱ्यावर शेजाऱ्याच्या रानात. ओलसर माती आणि शेणखतात कालवून फोकलं तर जागेवर पडतं, पण वरवरच राहू द्यायचं, खोल गाडलं की गेलं. मी ठोंबांवरच जास्त भर दिला. चांगला पाऊस होऊन माती ओली झाली की जुनं ठोंब उपटायचं, दोन-तीन फुटव्यांच्या, मुळं असलेल्या जुड्या करायच्या, वरचा शेंडा छाटायचा आणि उताराला आडव्या सऱ्यांत फूट-दीड फुटावर लावून टाचेनं माती घट्ट दाबायची. मध्ये पाऊस ओढ धरतो तेव्हा पानं वाळतात आणि लोक हसतात. हसू द्यावं.

पहिल्या वर्षी तणाला दाबून ठेवलं तर पुढं फारशी खुरपणी लागत नाही. खरा त्रास राखणीचा. कोवळं ठोंब जनावरानं ओढलं की मुळासकट हातात येतं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, तरी मेंढरं आत यायचीच. एक म्हातारे मेंढपाळ आले, त्यांच्याशी भांडायच्या तयारीनंच मी गेलो होतो. ते वाकून पेराला हात लावत म्हणाले, "मालक, मारवेल हाय की ह्ये! आमच्या बापाच्या टायमाला सगळा डोंगर ह्याचाच हुता." त्यांनी कळप वळवला आणि पुढच्या कळपवाल्यांनाही सांगून ठेवलं. माझ्या काट्यांपेक्षा त्यांच्या शब्दाचा उपयोग जास्त झाला.

पहिल्या वर्षी बी झडू दिलं, मगच कापलं. दुसऱ्या वर्षापासून निम्मा फुलोरा आला की विळा लावतो, कारण त्यानंतर कांडी निबर होते आणि कस जातो. बुडखा मूठभर उंच सोडायचा. हव्यासानं जमिनीलगत खरवडलं तर पुढचा फुटवा कमजोर येतो. चैतात सगळं गवत पिवळं पडतं, मेल्यासारखं दिसतं, आणि मग कुणीतरी 'पेटवून द्या, चांगलं फुटतं' असा सल्ला देतोच. मी पेटवत नाही. वळवाचा पाऊस झाला की बुडातून हिरवं दिसायला लागतं, त्याला आग कशाला हवी?

सध्या मारवेलमध्ये स्टायलो टाकून बघतोय. ती बाहेरची वनस्पती आहे, पण शेंगवर्गीय असल्यानं जमिनीला नत्र देते आणि चाऱ्यातली प्रथिनंही वाढतात. चुलत्यांनी गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बांधासाठी पोतंभर ठोंबं नेली. लावायला माणसं मात्र माझीच.