पद्मिनी शांत केली आणि वेग चढला

मागच्या नोंदीत माझ्या जुन्या पद्मिनी गाडीच्या तळाचा पत्रा उघडा करून गंज काढेपर्यंत आलो होतो. पुढचे तीन महिने गाडीचा आवाज कमी करण्यात गेले आणि त्यानंतरचा दीड महिना त्यातला थोडा आवाज परत आणण्यात. हे दुसरं काम का करावं लागलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्यातले बरेच जण सध्या ब्यूटाइलच्या शीट (पत्र्याची थरथर कमी करायला चिकटवायचे रबरासारखे थर) आणून बसलेत.

गाडी तीच, १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी, १०८९ सीसी, बाबांनी घेतलेली. आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) नाही, गिअर स्टिअरिंगपाशी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाबा ही गाडी कानाने चालवायचे. मला शिकवताना त्यांनी काट्याकडे कधी बोट दाखवलं नाही. "कण्हायला लागली, खालचा टाक." "आता ओरडतेय, वरचा टाक." एवढंच. तेव्हा वाटायचं, जुन्या लोकांची सवय. आता तसं वाटत नाही.

जून : आधी मोजमाप

शीट चिकटवण्याआधी आवाज मोजून ठेवा, नंतर तुलनेला काही उरत नाही. मी फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणता सूर किती आहे त्याचा आलेख, दाखवणारं ॲप वापरलं. त्याने आरपीएमही कळतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन वेळा पेट होतो, म्हणून आलेखातलं सगळ्यात ठळक टोक जितक्या हर्ट्‌झवर असेल त्याला ३० ने गुणायचं. टॉप, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला माझं टोक ७८ हर्ट्‌झवर येतं, म्हणजे २३४० आरपीएम. ८० ला १०४ हर्ट्‌झ, म्हणजे ३१२०.

आता त्या घुमण्याचं बघू. पंच्याहत्तर ते ऐंशीच्या मध्ये ही गाडी आतून ढोलासारखी घुमते हे पद्मिनीवाल्यांना सांगायला नको. माझ्या गाडीत इंजिनाकडच्या पत्र्यापासून मागच्या काचेपर्यंत अंतर साधारण १.७ मीटर भरलं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर एवढ्या लांबीत अर्धी लहर बसते ती १०० हर्ट्‌झच्या आसपास. इंजिनाचा ठोका नेमका तिथे पोचला की दोन्ही जुळतात आणि केबिन घुमायला लागते. अशा लहरीचा दाब दोन्ही टोकांना जास्त असतो, मध्ये कमी. मागच्या सीटवर बसणाऱ्याचं डोकं बरोबर टोकाला येतं. आई दरवर्षी जेजुरीला जाताना म्हणायची, "डोकं भणभणलं रे." पुढे बसणाऱ्या बाबांना ते कधी पटलं नाही. दोघांचंही खरं होतं.

एक सावधगिरी. ॲप डीबी-ए वर (म्हणजे ए-वेटिंगवर, कानासारखे खालचे सूर कमी धरणाऱ्या मापावर) ठेवलं तर हे घुमणं आकड्यात दिसतच नाही. ए-वेटिंग १०० हर्ट्‌झला सुमारे १९ डेसिबल वजा करतं. घुमणं पकडायचं तर सी-वेटिंग लावा, ते खालचे सूर जवळपास पूर्ण मोजतं.

जुलै-ऑगस्ट : थर

दारं, तळ आणि छताला ब्यूटाइल, त्यावर बंद पेशींचा फोम. इंजिनाकडच्या पत्र्याला आतून जाड, वजनदार व्हिनाइलची चटई. पुण्यात नाना पेठेत दुकानदार स्पंजचा स्वस्त फोमही दाखवतात. तो तळाला अजिबात लावू नका. पावसाळ्यात पाणी धरतो आणि दोन वर्षांत पत्रा खालून खाल्ला जातो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो फुकटातल्या कामाने. इंजिनाकडच्या पत्र्यातून वायरी आणि केबल आत येतात तिथली रबरं फुटलेली होती, दोन भोकं तर उघडीच होती. ती बुजवल्यावर टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) टिकटिक जवळपास गेली.

६० च्या वेगाला आधी ७६ डीबी-ए होतं, आता ६९ आलं. मी खूश होतो. आई मागे बसून सासवडपर्यंत बोलत आली.

सप्टेंबर : काय बिघडलं

पहिली शंका भावाला आली. सासवडहून जेजुरीकडे जाताना तो म्हणाला, "दादा, तू हल्ली पळवतोयस." मला तसं मुळीच वाटत नव्हतं. मग आम्ही एक चाचणी केली. पहाटे, रिकामा रस्ता, तो शेजारी फोनवर जीपीएस धरून. मी काट्याकडे न बघता ६० वर गाडी स्थिर करायची आणि "साठ" म्हणायचं, त्याने खरा आकडा वहीत लिहायचा. जूनमध्ये इंजिनाचं टायमिंग लावताना गंमत म्हणून हेच केलं होतं, तेव्हा आकडे ५७ ते ६३ मध्ये होते. आता आठ वेळांत सगळ्यात कमी ६६, सगळ्यात जास्त ७३.

रस्ता तोच, गाडी तीच, माणूस तोच. बदलला होता तो आवाज. एका गाडीच्या आठ नोंदींवर मी मोठा दावा करणार नाही, पण हे माझ्यापुरतं नाही. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ साली लोकांना गाडीतून घेतलेली दृश्यं दाखवली आणि आतला आवाज ५ डेसिबलने कमी केला, तर लोकांना तोच वेग कमी वाटला. मी ७ डेसिबल कमी केले होते. वेगाचा अंदाज आपण डोळ्यांनी घेतो असं आपल्याला वाटतं, पण त्यातलं काही काम कान करत असतात आणि ते काम गेलं तरी त्याची जाणीव होत नाही. धोका इथे आहे.

त्याहून गंभीर प्रकार दिवे घाट उतरताना घडला. गाडी तिसऱ्यात आहे असं समजून मी उतरत होतो. होती टॉपमध्ये. पूर्वी तिसऱ्यात इंजिन गाडी धरून ठेवायचं तेव्हा एक भरीव घरघर यायची आणि ती नसली की हात आपोआप गिअरकडे जायचा. चटईने ती घरघर गिळली होती. मी ब्रेकवर ब्रेक मारत राहिलो आणि चौथ्या वळणाला ब्रेकच्या लायनिंगचा करपट वास आला. पेडल मऊ पडायला लागलं होतं. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. चारही ड्रम असलेल्या गाडीत पेडल मऊ होणं म्हणजे तापलेले ब्रेक धरेनासे होणं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मागे आई होती.

ऑक्टोबर : आवाज परत

त्या रविवारीच व्हिनाइलची चटई काढली. ब्यूटाइल, बुजवलेली भोकं आणि छताचं काम तसंच ठेवलं. मला इंजिन ऐकू यायला हवं होतं आणि आईला घुमणं नको होतं. ही दोन वेगळी कामं आहेत हे मला उशिरा कळलं.

घुमण्यावर फोमचा उपयोग नाही. १०० हर्ट्‌झची लहर साडेतीन मीटर लांब असते, इंचभर फोमला ती दाद देत नाही. तो ठोका पत्र्यात शिरतो कुठून ते शोधावं लागतं. गॅरेजवाल्या काकांनी गाडी वर घेतली, सायलेन्सरचा पाइप हाताने हलवला आणि म्हणाले, "हे बघा, इथून वाजवतंय." मागचं लटकवायचं रबर दगडासारखं कडक झालेलं, पाइप तळाला टेकत होता. इंजिनाचं एक माउंटिंगही (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) दबून गेलेलं. दोन्ही बदलली. पंच्याहत्तर-ऐंशीचं घुमणं सी-वेटिंगवर ९ डेसिबलनी उतरलं. दोन महिन्यांच्या चिकटवाचिकटवीपेक्षा ही दोन रबरं भारी पडली. हे काम आधी करा, शीट नंतर.

आता ६० ला ७२ डीबी-ए. काट्याकडे न बघता साठ धरायची चाचणी पुन्हा घेतली : ५९ ते ६५.

दोघातिघांनी विचारलं होतं की मग सरळ फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा, म्हणून जास्त वाजणारा) सायलेन्सर का नको, लोकांनाही गाडी ऐकू येईल. माझं ठाम मत आहे की तो नको. तो आवाज मागे फेकला जातो, पुढून रस्ता ओलांडणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. चालकाच्या कानावर सतत एकच गडगडाट राहिला की मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन आणि स्वतःच्या बेअरिंगची कुरकुर दोन्ही बुडतात. बाबा ऐकायचे तो चढउतार. गाडी नुसती मोठ्याने ओरडून तो ऐकू येत नाही.

भावाच्या नव्या गाडीत बसल्यावर हे आणखी पटतं. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ८० ओलांडल्यावर वाजणारा आणि १२० नंतर सतत वाजत राहणारा इशारा सक्तीचा आहे. समृद्धी महामार्गावरून त्याच्याबरोबर आलो तेव्हा तो इशारा नसता तर शंभर आणि एकशेवीस यांतला फरक मला कळला नसता. इलेक्ट्रिक गाड्यांना पादचाऱ्यांसाठी आवाज देण्याचा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, क्रमांक १३८. त्यात ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज तर हवाच, शिवाय वेगाबरोबर त्याची पट्टीही चढायला हवी, वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की सरासरी किमान ०.८ टक्के. वाचताना मला बाबांचं "ओरडतेय" आठवलं. पट्टी चढली की वेग वाढला, हे कानाला शिकवावं लागत नाही.

पुढचं काम : तिसऱ्या गिअरला ४५ च्या पुढे एक बारीक शिट्टी येतेय. आधी ती टॅपेटच्या आवाजाखाली दबलेली असणार. स्पेक्ट्रमवर तिचं टोक इंजिनाच्या ठोक्याशी जुळत नाही, न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की जाते. मला गिअरबॉक्सच्या बेअरिंगची शंका आहे. कोणी खोललाय का हा गिअरबॉक्स इतक्यात? बेअरिंग कुठून मिळालं ते कळवा.