लुगड्यावरच्या निळ्या सावल्या: गोधडीचे 12 पैकी 6 चौकोन तयार

तंत्र सायनोटाइपचं, म्हणजे 1842 मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली उन्हातली निळी छपाई: ऊन लागतं तिथे निळं, झाकलेलं तिथे पांढरं. कापड जुन्या सुती लुगड्याचं, चौकोन 30 × 30 सेंमीचे, सावल्या फराळाच्या भांड्यांच्या.

खरी कसोटी वस्तू निवडण्यात आहे. वाटीची सावली म्हणजे नुसता पांढरा गोल, ती कुठलीही वाटी असू शकते. भोकं असलेली वस्तू मात्र लगेच ओळख देते: झारा, किसणी, पुरणयंत्राची जाळी आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे सोऱ्याच्या चकत्या. चकलीची चांदणी आणि शेवेची बारीक भोकं शेजारी उमटली की दिवाळी आली! अख्खा सोऱ्या आडवा ठेवलेला चौकोन मात्र बाद झाला. उन्हात ठेवलेल्या 12 मिनिटांत सूर्य 3 अंश सरकतो, त्यामुळे 8 सेंमी उंचीवरच्या कडेची सावली सुमारे 4 मिमी हलते आणि कड फिसकटते. चकती कापडाला टेकलेली असते, म्हणून तिची रेघ स्वच्छ येते.

द्रावणं दोन: 100 मिली शुद्ध पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट; दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. बाटल्या वेगळ्या, काळ्या. एका चौकोनाला दोन्हींतलं 6-6 मिली ऐनवेळी मिसळायचं, पिवळ्या मंद दिव्यात लावायचं, अंधारात खडखडीत वाळवायचं. ओलसर कापडावर पितळ ठेवलं तर डाग पडतो. तेलकट झाराही आधी घासून घ्यावा. फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही नको, विषारी वायू सुटतो.

दुपारच्या उन्हात रंग पोपटी, मग निळा, मग करडा होतो. करडा झाला की उचलायचं. पाण्यातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. पहिल्या पाण्यात लिटरला चमचाभर व्हिनेगर. पूर्ण निळा दुसऱ्या दिवशी चढतो.

दोन चौकोनांवर पिवळट ढग आले. लुगड्यात जुन्या धुण्याचा सोडा उरला होता आणि प्रशियन निळा, म्हणजे या छपाईतला निळा रंग, सोड्यात टिकत नाही, फुटून गंजासारखा पिवळा होतो. आता छपाईआधी गरम पाण्याने खळ काढून कापड व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजतं. शिवलेली गोधडीही पावडरने धुवायची नाही, रिठ्याच्या पाण्याने.

पुढे करंजीचं कातणं आणि विळी. विळीचं पातं उभं असल्याने ती आडवी पाडूनच छापावी लागेल, तिला दोन चौकोन जोडून. धावदोरा पांढरा, कडेकडून आत, ओळींत 1 सेंमी अंतर.