रोमेरोंचा रविवार

मार्चमधल्या एका रविवारी आमच्या धर्मग्रामातलं (पॅरिशमधलं) युवक मंडळ मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाचे हत्या झालेले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचा स्मृतिमेळावा भरवतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ असल्याने थाटमाट नसतो. तरी लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपली की पुढच्या रांगेत जागा धरायला आमची पळापळ व्हायची, कारण सभागृहात ‘रेडिओ’ लागायचा!

पडद्यामागे एक मुलगा एल साल्वादोरमधल्या चर्चच्या ‘वायएसएएक्स’ केंद्राचा निवेदक व्हायचा आणि रंगमंचावर शेतमजुरांचं कुटुंब रेडिओभोवती बसायचं. रोमेरोंची रविवारची प्रवचनं तिथे अशीच घरोघरी ऐकली जात. त्या आठवड्यात कोणाला मारलं, कोणाला उचलून नेलं, हे ते नावानिशी सांगत. केंद्रावर बॉम्ब टाकले गेले, पण ते पुन्हा सुरू झालं.

मंडळातले वयस्कर मास्तर प्रास्ताविक करायचे. फेब्रुवारी १९७७मध्ये आर्चबिशप झालेले रोमेरो भिडस्त, पुस्तकात रमणारे. धनिकांना ते आपलेच वाटले होते. १२ मार्चला त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना गोळ्या घातल्या गेल्या, सोबतचा म्हातारा आणि किशोरवयीन मुलगाही गेले. पुढच्या रविवारी रोमेरोंनी साऱ्या धर्मप्रांतात एकच मिस्सा ठेवली, कॅथेड्रलमध्ये. “बाकी सगळ्या चर्चमध्ये मिस्सा नाही!” असं मास्तर म्हणाले की आमच्या आज्या एकमेकींकडे बघायच्या. रविवारची मिस्सा चुकवणं म्हणजे पाप, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा प्रवेश २४ मार्च १९८०चा. आदल्या दिवशी रोमेरोंनी सैनिकांना जाहीरपणे सांगितलं होतं, देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी कर्करुग्णांच्या इस्पितळातल्या चॅपलमध्ये मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी लागली. या प्रवेशाला सभागृह रडायचं. पण आम्ही त्यांचं मरण जितकं मन लावून दाखवलं, तितकी त्यांची तीन वर्षं दाखवली नाहीत, असं मला मोठेपणी फार वाटू लागलं.

१४ ऑक्टोबर २०१८ रोजी ते संत घोषित झाले. त्यानंतरच्या मेळाव्यात मुलांनी गोळीचा प्रवेश काढून टाकला. त्याऐवजी रोमेरो टेबलाशी बसून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहितात, आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका. फेब्रुवारी १९८०मध्ये त्यांनी ते खरंच पाठवलं होतं. त्या पोरांचं मला मनापासून कौतुक वाटलं. यंदा पत्राच्या प्रवेशाला जास्त वेळ द्यायचं ठरलंय.