डॉक्टरांनी सकाळी सोडलं, हॉस्पिटलने रात्री

आईच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. सर्जनच्या हाताला यश आहे, भूल देणारे डॉक्टर आदल्या संध्याकाळी स्वतः येऊन बोलून गेले, दुसऱ्या दिवशी फिजिओने वॉकर देऊन तिला उभंही केलं. पुण्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलबद्दल एवढ्यावरच लिहायचं तर मी भरभरून लिहिलं असतं. पण मला आधी आठवतो तो डिस्चार्जचा दिवस, आणि अजून संताप होतो.

सकाळी साडेनऊच्या राऊंडला डॉक्टर म्हणाले, "आजी, आज घरी." सिस्टरने हातातलं सलाइनचं इंट्राकॅथ काढलं, मी आईला घरचे कपडे घातले, पिशव्या भरल्या. मग वाट बघणं सुरू झालं. आधी "समरी टाइप होतेय". तासाभराने "उरलेली औषधं फार्मसीला परत गेलेली नाहीत". नंतर "फाइल बिलिंगला आहे". एक वाजता टीपीए डेस्कवरून, म्हणजे हॉस्पिटलमधल्या विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावरून, ठाम उत्तर आलं, "विमा कंपनीचं अॅप्रूव्हल यायचंय, आमच्या हातात काही नाही."

दीड वाजून गेला तरी आईचं ताट आलं नाही. तिला मधुमेह आहे आणि सकाळचं इन्शुलिन दिलेलं होतं. चौकशी केल्यावर कळलं की डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला की डाएटच्या यादीतून पेशंटचं नाव निघतं. आई बेडवर बसलेली, घामेजलेली, आणि किचनच्या लेखी ती घरी पोचलेली. वॉर्डातल्या मावशींनी कुणाला न विचारता पॅन्ट्रीतून वरणभात आणला, "खा आजी, आधी खा" म्हणाल्या. तुमच्या घरचा पेशंट मधुमेही असेल तर सिस्टरना सकाळीच सांगा: गाडीत बसेपर्यंत जेवण चालू ठेवा.

त्यानंतर मी खाली डेस्कवर गेले आणि एवढंच म्हटलं, "विमा कंपनीला मेल किती वाजता पाठवला ते दाखवा." टाळाटाळ झाली, पण स्क्रीन वळवावी लागली. वेळ होती दोन वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे एक वाजता "आमच्या हातात काही नाही" असं जे सांगत होते, त्यांच्याच टेबलावर कागद पडून होते.

हा मुद्दा नीट समजून घ्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. (भरती होतानाच्या कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो.) पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर. त्याआधीचे तास कुणाच्याच हिशेबात नसतात, आणि आमचे पाच तास तिथेच गेले.

पुढे साडेचारला विमा कंपनीकडून क्वेरी आली. इम्प्लांटचा स्टिकर आणि इनव्हॉइस जोडलेला नव्हता. स्टिकर होता ऑपरेशनच्या कागदांत, आणि ती फाइल रेकॉर्ड विभागात बंद. किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांची ड्यूटी संपलेली. सांधा बदलणं, स्टेंट, लेन्स, काहीही शरीरात बसवलं असेल तर त्या स्टिकरचा फोटो आधीच मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

ती फाइल शोधली जात असताना एक मुलगी फीडबॅक फॉर्म घेऊन आली. जेवण, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक, पाचपैकी किती तारे. डिस्चार्जचा रकाना नाही, "काय चाललंय हे तुम्हाला वेळेवर सांगितलं का" असा प्रश्न नाही. माझ्या मते समाधान ठरतं ते याच प्रश्नावर. एसी आणि टीव्ही आईला आठवतही नाहीत. तिला आठवते रात्रपाळीची सिस्टर, जी प्रत्येक इंजेक्शनआधी सांगायची, "आजी, हे दुखण्याचं आहे, दोन मिनिटं जळजळेल." जळजळ व्हायचीच, पण आई निर्धास्त असायची. डेस्कवरच्या एकाने जरी सकाळीच सांगितलं असतं की संध्याकाळ होईल, तरी मी तिला पलंगावर ताटकळत बसवलं नसतं. हे सगळं मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं, मावशींच्या वरणभातासकट.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी करण्यासारखं बरंच असतं. आरएमओंना (हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांना) डिस्चार्ज समरीचा मसुदा करून ठेवायला सांगा, नको असलेली औषधं रात्रीच परत करा, तोपर्यंतचं बिल मागून बघा. आणि खोली निवडतानाच पॉलिसीतली रूम रेंटची मर्यादा तपासा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ग्लोव्हज, मास्कसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत खिशातूनच जातात, तेवढे जवळ ठेवा.

मंजुरी आली तेव्हा साडेसात झाले होते. बिलात पाहते तर "दुपारी बारानंतर थांबल्याबद्दल" आणखी अर्ध्या दिवसाचं भाडं. मी स्क्रीनवरच्या मेलचा, वेळेसकट काढलेला फोटो पुढे ठेवला आणि मॅनेजरना बोलवायला सांगितलं. ते आले, फोटो बघितला आणि ती ओळ बिलातून काढायला लावली. दुरुस्त बिलाची प्रिंट हातात पडल्यावरच मी व्हीलचेअर मागवली.