टी.वाय.चं मानसशास्त्र आणि हॉलतिकिटावर नसलेलं प्रात्यक्षिक

मी बी.ए. मानसशास्त्र स्पेशल घेऊन केलं. तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण आधी ते अठरा दिवस सांगते. ते अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

टी.वाय.चं, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं, हॉलतिकीट हातात आलं तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षेला अठरा दिवस होते. पेपरांची यादी वाचत खाली गेले, तर प्रात्यक्षिकाचा पेपर नव्हता. त्याच्या जागी मी कधीच न घेतलेला दुसऱ्या विषयाचा जनरल पेपर. पुन्हा वाचलं. मैत्रिणीचं हॉलतिकीट शेजारी ठेवून कोड पाहिले. माझा वेगळाच होता.

कॉलेजच्या ऑफिसात गेले. परीक्षेचं काम बघणारे सर म्हणाले, "फॉर्मवर सही तुझीच आहे ना?" सही माझीच होती. पण विषयांचे कोड संगणकावर ऑफिसनेच भरले होते आणि प्रिंट समोर येताच "इथे सही कर, मागे लाईन आहे" असं सांगितलं होतं. म्हणून पहिलीच गोष्ट सांगते: मागे कितीही लाईन असू दे, प्रिंटवरचा एकेक कोड अभ्यासक्रमाच्या पानाशी जुळवा आणि मगच सही करा. सही केलेल्या पानाचा फोटोही काढून ठेवा. माझ्याकडे फोटो नव्हता, त्यामुळे चूक कोणाची हे ठरवण्यातच चार दिवस गेले.

मग विद्यापीठ. आमच्या गावापासून एसटीने अडीच तास. खिडकीवर सांगितलं, "कॉलेजचं पत्र आणा." परत आले. पत्र टाईप झालं, पण प्राचार्य मीटिंगला बाहेरगावी. दोन दिवस गेले. पत्र घेऊन पुन्हा गेले, तर त्यात माझ्या पीआरएन (विद्यापीठातल्या कायम नोंदणीच्या) नंबरचा एक आकडा चुकलेला. खिडकीतून पत्र तसंच बाहेर आलं. मी त्या जिन्यात बसून रडले. वडील म्हणाले, "राहू दे, पुढच्या वर्षी दे." मला ते मान्यच नव्हतं. या विषयात मला सगळ्यात जास्त काही मिळालं असेल तर ते प्रात्यक्षिकातच, आणि तोच पेपर एका आकड्यासाठी सोडायचा?

खरं तर मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की हा बोलण्याचा विषय असेल. पहिल्याच वर्षी कळलं, हा मोजण्याचा विषय आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटने 1879 साली लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तिथपासून ही शिस्त चालत आली आहे. गणित नको म्हणून आर्ट्सला आलेल्या आमच्या निम्म्या वर्गाला प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत) आणि सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत) पाहून घाम फुटला. संख्याशास्त्र टाळता येत नाही, हे प्रवेश घेतानाच मनाशी ठरवून या. मी दोन महिने रोज संध्याकाळी एक उदाहरण सोडवलं, त्यावरच तरले.

प्रयोग जोडीने होतात. एक प्रयोगकर्ता, एक प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो तो), मग अदलाबदल. म्यूलर-लायर भ्रमात, म्हणजे टोकांना बाणासारखे कोन काढलेल्या रेषांच्या दृष्टिभ्रमात, दोन रेषा सारख्या आहेत हे माहीत असूनही बाहेर वळलेल्या टोकांची रेषा लांबच दिसते. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास असा मोजपट्टीने हलतो, ते मला फार आवडलं. आरशात बघून तारा गिरवायचा प्रयोग मॅडमनी घरच्या माणसावर करायची परवानगी दिली. मी आजीला बसवलं. साठ वर्षं रोज दारात रांगोळी काढणारा तिचा हात, पण ताऱ्याच्या पहिल्याच कोपऱ्यावर अडकला. पेन्सिल जायला हवी त्याच्या उलट जायची. मग डाव्या हाताची चाचणी घेतली, उजव्या हाताला सराव दिला आणि पुन्हा डाव्याची चाचणी घेतली, तर सराव न झालेल्या डाव्या हाताच्याही चुका कमी झाल्या. एका हाताचं शिकणं दुसऱ्याकडे जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आजीच्या हातात ते प्रत्यक्ष होताना पाहिलं. तिचा अंतर्निरीक्षण अहवाल (प्रयोगात मनात काय चाललं होतं ते) मी तिच्याच शब्दांत लिहिला: "डोळे एक सांगत होते, हात दुसरं ऐकत होता."

तर पत्र. दुरुस्त पत्रावर सही-शिक्का घेतला आणि तिसऱ्यांदा गेले. या वेळी मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, पत्र नुसतं खिडकीत दिलं नाही. आधी आवक विभागात (जिथे येणाऱ्या पत्रांची नोंद होते) नोंदवलं आणि माझ्या झेरॉक्सवर आवक क्रमांक घेतला. दोन, कोणी काय सांगितलं ते तिथेच बाकावर बसून तारीख-वेळेसह वहीत लिहिलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवरच निरर्थक शब्दांश पाठ करण्याचे प्रयोग करून 1885 साली दाखवलं की विस्मरण सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं, पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त. घरी जाऊन लिहू म्हटलं की गेलं. दुरुस्तीचं शुल्क भरल्याची पावती मिळाली. "आठ दिवसांत होईल." परीक्षेला सहा दिवस उरले होते.

मग आमच्या विभागप्रमुख मॅडम स्वतः फोनला बसल्या. बाह्य परीक्षकांकडे जाणाऱ्या गुणांच्या यादीत नाव नसेल, तर परीक्षा देऊनही गुण भरता येत नाहीत, हे मला त्यांच्याकडून कळलं. आवक क्रमांक सांगताच पलीकडून फाईल सापडली. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारला सुधारित हॉलतिकीट आलं. मी ते तीनदा वाचलं, मग आईला फोन केला. हे सगळं विद्यार्थिनीने एकटीने फिरायचं कामच नव्हतं, असं मला आजही वाटतं. विभागप्रमुखांकडे पहिल्याच दिवशी जा. मी लाजत राहिले आणि बारा दिवस घालवले.

परीक्षा छान झाली. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी आजीचा तारा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सराव किती वेळा दिला?" मला सगळं पाठ होतं.

आणखी एक, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. नुसत्या बी.ए.वर कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) होत नाही. त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं, आणि 1992 च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व तिथली नोंदणी लागते. आमच्यातल्या दोघींना हे टी.वाय.च्या शेवटी कळलं आणि फार वाईट वाटलं. पहिल्या वर्षीच विचारून घ्या.

आलेख पेन्सिलनेच काढा. प्रत्येक प्रयोगावर त्याच आठवड्यात सही घ्या, शेवटी एकदम मिळत नाही. आणि जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, जमा करण्याआधी पूर्ण झेरॉक्स काढा, ते परत मिळत नाही. हॉलतिकिटाच्या धावपळीत माझी झेरॉक्स राहून गेली. आजी मागच्या वर्षी गेली. तिने काढलेले ते दोन तारे, उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा, त्या जर्नलमध्येच आहेत.