कामगाराला काढायचं होतं, अडलं पोचपावतीवर

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मशीनशॉप आहे, चौदा माणसं. त्यातला एक सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा कारागीर, सात वर्षं जुना, हात चांगला. पण २०२२ च्या उन्हाळ्यापासून न सांगता दांड्या. तिसऱ्या खेपेला एकवीस दिवस आलाच नाही, तेव्हा मस्टरवरच्या त्याच्या नावावर रेघ मारायला मी पेन उचललं होतं. वकीलसाहेबांनी फोनवरच थांबवलं. "नुसतं नाव कमी केलंत तर कोर्ट त्याला कामगार कपात धरतं. ना नोटीस, ना भरपाई. मागच्या पगारासकट परत येईल तो."

म्हणजे आधी आरोपपत्र देऊन चौकशी करायची. आरोपपत्र दोन दिवसांत झालं. "वागणूक बरोबर नाही" हे माझं वाक्य त्यांनी खोडलं आणि फक्त तारखा ठेवल्या.

आणि मग पोस्ट. राधानगरी तालुक्यातल्या त्याच्या गावच्या पत्त्यावर ते रजिस्टर एडीनं, म्हणजे घेणाऱ्याच्या सहीची पोचपावती परत येते अशा पत्रानं, पाठवलं. आठवडा गेला, दोन गेले, पोचपावती नाही आणि पाकीटही परत नाही. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे वकील नेमले होते. ते म्हणाले, पत्र मिळालं किंवा नाकारलं याचा कागद दाखवा, मगच कामकाज. पहिली तारीख वाया गेली, दुसरीही गेली. चार वेळा काउंटरवर उभा राहिलो, चारही वेळा "तक्रार ऑनलाइन टाका" एवढंच ऐकलं. इकडे मशीन बंद, पंपाच्या पार्टची ऑर्डर लटकलेली. माझा एवढा संताप कामगारावरही झाला नव्हता.

चोविसाव्या दिवशी पाकीट परत आलं. कोपऱ्यात पेनानं "घेण्यास नकार", खाली पोस्टमनची सही आणि तारीख. ते पाकीट फोडू नका! मी फोडणारच होतो. बंद पाकीट तसंच चौकशीत दाखल करायचं. बरोबर पत्त्यावर रजिस्टर केलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो. पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, शाई उडते. आणि माझी खरी चूक म्हणजे राजारामपुरीतली त्याची भाड्याची खोली मी विसरलोच होतो. माहीत असलेल्या प्रत्येक पत्त्यावर एकाच दिवशी पत्र टाका.

पुढच्या तारखेचं पत्र खोलीवर पाठवलं, ते त्यानं घेतलं. सोबत एक सहकारी घेऊन आला, तो त्याचा हक्कच आहे. आमच्या मिस्त्रींना म्हणाला, "नऊ दिवसांचा अर्ज मी तुमच्या हातात दिला हुता." खणात शोधला तर खरंच निघाला. ते नऊ दिवस वगळले, बाकीचे सिद्ध झाले. ही चौकशी झाली नसती तर त्या नऊ दिवसांचा अन्याय माझ्याकडून झाला असता, हे मला आजही लागतं.

अहवालाची प्रत देऊन त्याचं म्हणणं घेतलं, मगच बडतर्फीचा आदेश काढला. ग्रॅच्युइटी अडवायचा विचार माझ्या मनात होता, पण गैरहजेरीसाठी ती जप्त करता येत नाही. पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, गुणिले वर्षं. महिना १५,६०० पगारावर सात वर्षांचे ६३,००० झाले. तीस दिवसांच्या आत चेक दिला.

तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली आहे, कलमं वकिलाकडून ताडून घ्या.

चेक घेताना त्यानं अनुभवाचा दाखला मागितला. सात वर्षांच्या तारखा घालून मी तो तिथंच टाइप करून दिला.