गीतकाराचा रकाना

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांचा संच करायचा ठरला, तेव्हाच त्यात जात्यावरचं एक गाणं हवं हे माझ्या मनात पक्कं होतं. त्यासाठी अमळनेरजवळच्या खेड्यातल्या एका मायला मी जळगावला स्टुडिओत आणलं. अहिराणी गाणी मी लिहिते, गाते, आणि निर्मितीही माझीच. माइक कुठे ठेवायचा इथपासून गाण्याची अंतिम प्रत, म्हणजे मास्टर, होईपर्यंत. चैत्र संपत आलेला, त्यात आवाज नको म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद.

मायला हेडफोन लावला, कानात क्लिक सोडला, म्हणजे लय धरायला ठरावीक अंतराने वाजणारा ठोका. दोन ओळींतच ती थांबली. "हाई टकटक माले नको, बाई. हात फिरस तवय गानं येस."

शेजारून जातं मागून आणलं, खाली जाड सतरंजी घातली, घरातली ज्वारी काढली. एक माइक मायच्या तोंडाशी, दुसरा जात्याच्या पाळीजवळ. खुंटा हातात आला आणि तिचा आवाजच मोकळा झाला. मूठभर दाणे घालताना फिरणारा हात किंचित मंदावतो, मग पुन्हा ओढ घेतो. तिची ओळ नेमकी त्या मंदावण्यावर टेकत होती. हे क्लिकवर ताणून बसवणं म्हणजे गाण्याचा जीव घेणं. मी तिच्या गाण्यावरूनच लय आखली आणि ढोलकी नंतर त्यामागे चालवली.

गाणं प्रकाशनासाठी पाठवताना गीतकाराचा रकाना भरायचा असतो. सोबतच्या मुलाने सवयीने 'पारंपरिक' टाइप केलं. मी मायला विचारलं, हे रचलं कोणी?

"मीच. दयता दयता जोडं." दळता दळता जोडलं.

मला राग आला, त्या पोराचा नव्हे, या सवयीचा. बहिणाबाई चौधरी आमच्या आसोद्याच्या. त्या १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी आईची गाणी जपली, म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या नावाने पुस्तक आलं. ते झालं नसतं, तर त्या ओव्याही आज कुणीतरी 'पारंपरिक' म्हणूनच गायल्या असत्या. आणि प्रश्न नुसत्या मानाचा नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पण रकान्यात नावच नसेल, तर वाटा मागणार कोण?

मायला हे सगळं अहिराणीत समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मधल्या दोन ओळी मला पुन्हा वाजवायला लावल्या. "ह्या मन्या नहीत. मनी जेठानीन्या शेतस."

म्हणजे त्या ओळी तिच्या नव्हत्या, जेठाणीच्या, थोरल्या जावेच्या होत्या. जेठाणी वारलेली. तिच्या मुलाला तिथूनच फोन लावला, आईचं नाव कागदोपत्री कसं आहे ते विचारून घेतलं. त्याला आधी खरंच वाटेना. पुढच्या आठवड्यात तो वारसाचे कागद घेऊन आला. गीतकार म्हणून आता दोघींची नावं आहेत. संगीताच्या रकान्यात माय एकटी, कारण चाल तिची.